माळाच्या बदल्यात बिल्ला

खंडेनवमीला पाटावर मधोमध ठेवायचा तो आप्पांचा हमालीचा बिल्ला. बाकीची अवजारं त्याच्या भोवती. रेश्मा या घरात सून म्हणून आली तेव्हापासून ही रीत चालत आली होती, आणि बिल्ला चिंचेनं घासून लख्ख करायचं काम धाकटी सून म्हणून तिच्याकडंच होतं. आजही ती मोरीपाशी बसून घासत होती. पितळेवरचा नंबर आता बोटाला लागतही नव्हता, इतका झिजला होता.

पाटावर विळा, कोयता आणि नांगराचा जुना फाळ मांडून झाला होता. शेताचं एक ढेकूळही घरात राहिलं नव्हतं, पण फाळ होता. त्याच्याशेजारी थोरल्या दिरांचा, शेखरभाऊजींचा, पाण्याची मोटार खोलायचा पाना. तीन मजल्यांवर भाडेकरू ठेवलेल्या माणसाचं तेच हत्यार. मग त्यांच्या मुलीचा, स्नेहलचा, लॅपटॉप आणि शेवटी रेश्माची शिवणाची कात्री. रेश्माच्या नवऱ्याचं, किशोरचं, काहीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी इथं त्याच्या टुरिस्ट गाडीची किल्ली असायची.

“किती घासतीयास? भोक पडंल,” मागून सासूबाई, गोजराबाई, म्हणाल्या.

रेश्मानं हात थांबवला. मशीनच्या पेटीत तिनं एक नवाकोरा लाल शर्ट घडी करून लपवला होता. आप्पांच्या हमालीच्या शर्टाचं माप घेऊन शिवलेला, पण कापड चकाकतं आणि खांद्यावर सोनेरी पट्टी. भावकीतल्या दादासाहेबांना तसाच हवा होता. 

“आई, दादासाहेब आज काय बोलनार हायेत, ते भाऊजींनी सांगितलं का तुमाला?”

“सांगितलं. तुमी समद्यांनी आदी ठरीवलं, मंग मला सांगितलं.”

“तुमी यांच्या बाजूनं बोला. तेवढंच मागतीया.” रेश्माचा आवाज खाली आला. “गाडी गेली तवापासनं मानूस घरात गंजतुया. काल पोरानं विचारलं, पप्पा काय करत्यात म्हनून शाळेत काय सांगू? हे पाय आपटत भायेर गेले.”

“आन म्हाताऱ्याचं?”

“आप्पांचं वय झालं, आई. आता का ओझी उचलायचं वय हाय?”

गोजराबाईंनी उत्तर दिलं नाही. तिच्या हातातून बिल्ला घेतला, पदरानं पुसला आणि पाटावर नेऊन ठेवला.

त्याच वेळी आप्पा, म्हणजे रेश्माचे सासरे कुशाबा, एका काचेच्या इमारतीच्या फाटकापाशी नारळ घेऊन उभे होते. सोबत स्नेहल होती. ही इमारत जिथं उभी आहे तिथं एके काळी त्यांचा माळ होता. कुशाबांच्या वडिलांनी तो भावकीत देऊन टाकला, आणि त्याच्या बदल्यात पुणे स्टेशनवरच्या हमालीचा बिल्ला घेतला. देणारे दादासाहेबाचे आजोबा. त्यांची पाठ धरली होती, ओझं झेपत नव्हतं. भैरोबाच्या देवळात दोघांनी शपथेचा भंडारा उचलला आणि एक ठरवलं: आपण सोडलेल्या वस्तूला दर खंडेनवमीला पाया पडून यायचं. ते बिल्ल्याला हात जोडतील, हे माळावर नारळ फोडतील. ना कागद, ना साक्षीदार. आज कुणाला सांगितलं तर येड्यात काढतील, पण त्यांच्या माण गावात तेव्हा एकानंही नावं ठेवली नव्हती.

“बाबा, इधर नहीं. उधर साइड में,” फाटकावरचा गुरखा म्हणाला. दर वर्षी गुरखा नवा असे आणि वाक्य तेच असे.

स्नेहलनं गळ्यातलं कार्ड पुढं केलं. ती याच इमारतीत कामाला होती. “दादा, दो मिनट. आजोबा हैं मेरे.”

कुशाबांनी फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला, पाणी शिंपडलं आणि काचेकडं बघून हात जोडले.

“आप्पा, खरं सांगा. वाईट नाही वाटत? हे सगळं आपलं असतं.”

“तवा हितं कुसळ बी धड उगवत नव्हतं, पोरी. आन टेसनावर?” म्हातारा हसला. “टेसनावर रोकडा मिळायचा. माझ्या बापाला लोकं विचारून आपल्या पोरींची लग्नं जमवायची. बिल्लेवाल्याच्या घरात पोरगी पडली म्हंजी सुटली म्हनायचं. तुझी आजी तशीच आली.”

स्नेहलला एवढंच सांगून ते थांबले. पुढचं सांगण्यासारखं नव्हतं.

पुढचं असं होतं, की स्टेशन कुशाबांच्या डोळ्यांदेखत आटत चाललं होतं. माणसं कमी झाली नव्हती. माणसं उदंड होती, फलाटावर पाय ठेवायला जागा नसे. पण पेट्यांना चाकं आली, जिन्यांना सरकते पट्टे आले, आणि फलाटावर बिऱ्हाडच्या बिऱ्हाड उतरायचं बंद झालं. ज्यांच्याकडं दोन पैसे होते ते विमानानं नाहीतर आपल्या गाडीनं जाऊ लागले. मग काही गाड्या हडपसरवरून सुटू लागल्या, काही खडकीवरून. लोणावळ्याच्या दुपारच्या लोकल मधल्या काळात बंद पडल्या, त्या पूर्वीसारख्या काही सुरू झाल्या नाहीत. त्या लोकलनं मावळातून भाजीच्या पाट्या यायच्या, दुधाच्या किटल्या यायच्या, त्याही गेल्या. जोडीदार एकेक करून गावाला निघून गेले. हमालांच्या खोलीत जिथं पाठ टेकायला जागा नसे, तिथं आता कुशाबा ऐसपैस आडवे होत.

तरी ते रोज जात. डबा घेऊन सकाळी निघत, लाल शर्ट घालत, बिल्ला दंडाला बांधत आणि डोक्यावर ठेवायची चुंबळ मांडीवर घेऊन बाकावर बसत. गाडी लागली की उठून उभे राहत. लोक चाकांची पेटी ओढत समोरून निघून जात. गाडी सुटली की हे पुन्हा बसत. पावसाळा सुरू झाल्यापासून त्यांच्या डोक्यावर एकसुद्धा ओझं चढलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी घरात कुणालाही कळू दिली नव्हती. संध्याकाळी घरी आले की ते नेमानं म्हणत, “खांदं लई दुखत्यात.” गोजराबाई तेलाची वाटी घेऊन येत.

दादासाहेब जेवायच्या वेळेला आला. पांढरीशुभ्र गाडी, त्याहून पांढरे कपडे. माळाच्या जोरावर त्याची तीन दुकानं आणि एक मंगल कार्यालय उभं राहिलं होतं, पण रीत म्हणून चप्पल बाहेर काढून तो आधी पाटापाशी गेला, बिल्ल्यावर भंडारा वाहिला आणि डोकं टेकवलं. माणूस मग्रूर नव्हता. फक्त त्याला जे आवडे ते आपलंच आहे असं वाटे.

पुरणपोळी झाली, सुपारी झाली. मग त्यानं शेखरकडं बघितलं आणि शेखरनं मान डोलावली.

“काका, हायवेवर माझं नवं हॉटेल होतंय, ऐकलं असंल तुमी. नावच ठेवलंय ‘फलाट’. बसायला रेल्वेचे डबे केलेत. किचनमधनं छोटी आगगाडी येती, तिच्यावरनं जेवान टेबलावर. आयटीची पोरं-पोरी लई येनार बघा.”

“म्हंजी खऱ्या टेसनातल्या गाड्या गेल्या त्या तुझ्याकडं आल्या व्हय,” कुशाबा म्हणाले. सगळे हसले.

“तेच तर. लोकांना जुनं आवडतंय. मी कंदील आनलाय, घंटा आनलीय. आता दारात एक बिल्ला पायजे, काचेच्या पेटीत. आन बिल्ल्याशेजारी तुमी.”

“मी?”

“नुसतं बसायचं. लाल शर्ट घालून. लोकं फोटो काढत्याल. उन्हात न्हाई, पंख्याखाली. आन किशोरला मी मॅनेजर करतोय. तेवढं मी मनात धरूनच आलोय.”

भिंतीला टेकून बसलेला किशोर पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

“बिल्ला माझ्या आजोबाचा होता काका, मूळचा,” दादासाहेब मऊ आवाजात म्हणाला.

“व्हता की. परत न्यायचा आसंल तर जा, माळ घिऊन ये.”

या वेळी कुणी हसलं नाही. शेखर पुढं सरकला. गेली कित्येक वर्षं त्याला एकाच गोष्टीची लाज वाटत आली होती. भाडेकरूंनी ‘मालक’ म्हणून हाक मारावी, आणि त्याच वेळी जिन्यावरून बापानं लाल शर्ट पिशवीत कोंबून डबा घेऊन उतरावं. त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आज बोलायला चांगलं कारण मिळालं होतं.

“आप्पा, इनोद करू नगा. किशोरच्या पोराबाळांचा इचार करा. टेसनात ऱ्हायलंय काय?”

“माझा बिल्ला चालू हाय.”

“चालू हाय म्हंजी? कामं मिळत्यात का?”

“मिळत्यात.”

“कुनाची? चाकाच्या बॅगा आल्यात, आप्पा! सगळ्या जगाला दिसतंया.” तो आईकडं वळला. “आई, तू सांग. तू रोज बघतीयास यांना. खरं काय ते आज देवासमोर सांग.”

सगळ्यांच्या नजरा गोजराबाईंकडं गेल्या. त्या पाटाशेजारी बसल्या होत्या. समईची वात सारायला पुढं केलेला हात तसाच राहिला.

सकाळी रेश्माला उत्तर दिलं नव्हतं ते म्हणूनच. थोरल्याला बापाला घरी बसवायचं होतं, धाकट्याला पोटाला हवं होतं, सुनेनं पदर पसरला होता, आणि कुणाचंच चुकीचं नव्हतं. नवराही त्यांच्याकडं बघत होता. त्या बघण्यात आर्जव नव्हतं. भीती होती. एवढ्या वर्षांच्या संसारात गोजराबाईंनी या माणसाच्या डोळ्यांत भीती पहिल्यांदा पाहिली.

“मिळत्यात,” त्या म्हणाल्या. “रोज मिळत्यात. खांदं सुजून येत्यात त्यांचं. मीच तेल लावती न्हवं?”

रेश्मानं मान खाली घातली. किशोर उठून खिडकीपाशी गेला. आईनं देवासमोर सांगितल्यावर प्रश्न मिटला होता.

पण कुशाबांनीच तोंड उघडलं.

“खोटं बोलतीया ती.”

“आवो...” 

“देवाम्होरं माझ्यापायी खोटं नगं बोलूस, गोजरा.” त्यांनी घसा साफ केला. “पाऊस लागल्यापासनं एक बी खेप न्हाई मला. आधी म्हनलं उद्या मिळंल, परवा मिळंल. मंग म्हनलं घरात कसं सांगू. रोज जातुया आन बाकड्यावर बसून येतुया. झालं?”

एवढं ऐकायचं होतं, पण ऐकल्यावर शेखरलासुद्धा जिंकल्यासारखं वाटलं नाही.

“म्हंजी आता बी बसतोच हाय की मी,” कुशाबा पुढं म्हणाले. “हितं काय आन तितं काय. किशोरचं काम हुनार आसंल तर बसतो दादासायबाच्या दारात.”

दादासाहेबाला एवढ्या लवकर होकार येईल असं वाटलं नव्हतं. त्याला आनंद लपवता येईना. “रेश्मा, आन तो शर्ट.”

रेश्मानं शर्ट आणला. कुशाबांनी तो हातात घेतला, सोनेरी पट्टीवरून अंगठा फिरवला.

“तू शिवलास?”

“व्हय, आप्पा.”

“शिलाई चांगली हाय,” ते म्हणाले आणि अंगात घातला. शर्ट अगदी मापात बसला.

“बिल्ला बी लावा की,” दादासाहेब म्हणाला.

“पुजलेलं हत्यार उद्याच्याला हलवायचं,” गोजराबाई फटकन बोलल्या. “आज हात लावायचा न्हाई.”

“बरं, ऱ्हाऊ द्या.” त्यानं ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हरनं गाडीतून एक जुनी पत्र्याची ट्रंक आणली. हिरवा रंग, पितळी कड्या, वर पांढऱ्या अक्षरांत कुण्या फौजी माणसाचं नाव. “हॉटेलच्या दारात ठेवायला घेतलीय. काका, ही डोक्यावर घिऊन हुभं ऱ्हावा. फोटो काढून बोर्डवाल्याला पाठवतो.”

कुशाबांनी चुंबळ डोक्यावर ठेवली. मग ते ट्रंकेसमोर उभे राहिले, आणि खोलीतल्या सगळ्यांना दिसलं की म्हातारा बदलला. पाय रोवले गेले, पोटात श्वास धरला गेला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. तसली ट्रंक म्हणजे काय असते ते त्यांच्या अंगाला ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ती धरली आणि सगळा जोर लावून वर घेतली.

ट्रंक रिकामी होती.

जोर लावला होता भरल्या ट्रंकेचा. ती भसकन वर गेली, तोल मागं गेला, कुशाबा धडपडत दोन पावलं भिंतीकडं गेले. पडले नाहीत. जुन्या सवयीनं त्यांनी मान सावरली, ट्रंक डोक्यावर नीट बसवली आणि तसेच उभे राहिले. फक्त त्यांचं तोंड पार उतरलं.

“वा! आता इकडं बघा, काका. जरा हसा,” दादासाहेबानं मोबाईल धरला.

“काढू नका!”

रेश्मा ओरडली होती. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. “फोटो नका काढू दादासाहेब. मी हात जोडते.”

“रेश्मा, अगं, तूच तर...” शेखर म्हणाला.

“मीच. मीच शिवला शर्ट. मला वाटलं नुसतं बसायचं हाय. आसं न्हवतं ठाऊक.” तिला रडू फुटलं. “माझ्या पोराला मी उद्या काय सांगू? तुझा पप्पा मॅनेजर हाय, आन आजोबाला रिकामी ट्रंक देऊन दारात हुभा केलाय?”

किशोर खिडकीपासून आला. डोक्यावरचं ओझं एकट्यानं उतरवता येत नाही, दुसऱ्यानं हात लावावा लागतो. लहानपणी बापाला जेवण पोहोचवायला स्टेशनवर गेला की तो हेच काम हौसेनं करायचा. त्यानं बापासमोर उभं राहून दोन्ही हात वर केले.

“द्या, आप्पा.”

“हलकी हाय रं. मी ठेवतो.”

“द्या.”

दोघांनी मिळून ती रिकामी ट्रंक खाली उतरवली, भरलेली असल्यासारखी सावकाश. मग किशोर दादासाहेबाकडं वळला.

“मला काम पायजे. खोटं कशाला बोलू, लई गरज हाय. पन द्यायचं तर माझ्याकडं बघून द्या. टेबल पुसायचं द्या, मी पुसतो. आप्पा येनार न्हाईत.”

दादासाहेबानं मोबाईल खिशात टाकला. “तुमी लोकं पन ना, सरळ गोष्टीचं काय बी करता,” तो म्हणाला. “बघू. दिवाळीनंतर ये भेटायला.” ते हो होतं की नाही, कुणालाच कळलं नाही. जाताना तो पुन्हा पाटापाशी गेला, उभ्यानंच हात जोडले. ट्रंक न्यायला विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे.

शेखर त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. परत आल्यावर आत न येता जिन्यावरच बसला. पाणी येत नाही म्हणून वरच्या मजल्यावरचा भाडेकरू हाक मारत होता, पण पाना पाटावर होता आणि आज त्याला हात लावायचा नव्हता. स्नेहल त्याच्याशेजारी येऊन बसली.

“पप्पा, तुम्हाला आप्पांची लाज वाटते?”

“वाटत होती,” शेखर म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले.

दिवेलागणीला कुशाबा ओट्यावर बसले होते, अंगात त्यांचा नेहमीचा सदरा. नवा शर्ट त्यांनी स्वतःच्या हातानं घडी करून रेश्माला परत दिला होता. “कापड चांगलं हाय, पोराला कायतरी शिव,” एवढंच बोलले होते.

गोजराबाई तेलाची वाटी घेऊन आल्या.

“आज कुटं गेलो व्हतो मी? आज नगं.”

“बसा गप.”

त्यांनी सदरा खाली सारला आणि खांद्यावर तेल घातलं. जिथं पूर्वी हमालीचा घट्टा असायचा, चामड्यासारखा टणक, तिथं त्यांचा अंगठा फिरत राहिला. कुशाबांनी विचारलं, “तुला कदीपासनं ठावं व्हतं?”

“घट्टा मऊ पडला तवापासनं.”

म्हणजे पावसाळाभर. रोज संध्याकाळी ते खोटं दुखणं घेऊन आले होते आणि रोज तिनं ते चोळलं होतं. कुशाबांनी तिचा तेलकट हात खांद्यावरच धरून ठेवला. ओट्यावरून पलीकडची काचेची इमारत दिसत होती, तिच्यात दिवे लागत होते.

“बिल्ला परत देऊन टाकतो रेल्वेला,” ते म्हणाले. “काचेच्या पेटीत न्हाई जाऊ द्यायचा.”

“कदी?”

“परवा. उद्या दसरा, सायेब नसंल.” मग तिच्याकडं वळून, “उद्या तुझ्या भावाकडं जाऊ या का, सोनं द्यायला? कामशेतला. पुन्यासनं लोकलनं.”

“आवो, उलटं पडतंय. हितनं कामशेत जवळ, आन पुन्याला कशापायी?”

“उलटं पडू दे. टेसनापत्तुर रिक्षा करू. पुलावरनं लोकलच्या फलाटाला म्या नेतो तुला. बिल्ला लावून.”

गोजराबाईंनी वाटी खाली ठेवली आणि त्यांच्याकडं पाहिलं. 

“डबा करू का मंग?”

“कर. आन पिशवी मोठी घे.” कुशाबांनी सदरा खांद्यावर ओढला. “चांगली जड भर.”